लेपचा अंकांचे संगणकीय संकेतन: मजकुरातला अंक आणि हिशेबातली संख्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिक्कीममधील लेपचा शालेय पुस्तके आणि काही हस्तलिखितांच्या नकला यांचा शोध घेता येईल असा डिजिटल संग्रह पुण्यातील एक गट तयार करत आहे. या मजकुरात पृष्ठक्रमांक, सनावळ्या, पाढे आणि मोजमापे लेपचा अंकांत लिहिलेली आहेत. ती साठवताना नेहमीचे इंग्रजी अंक टंकून त्यांवर लेपचा फॉन्ट चढवावा, की युनिकोडमध्ये (जगातील लिपींच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात) लेपचा लिपीला दिलेले स्वतंत्र अंक वापरावेत? आणि स्वतंत्र अंक वापरले, तर क्रमवारी, शोध व गणित यांचे काय करावे आणि नोंदींची रचना कशी ठेवावी?

माझे उत्तर स्वतंत्र अंकांच्या बाजूने आहे आणि त्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. मात्र या उत्तराला एक जोड आहे आणि प्रत्यक्ष कामातले बहुतेक घोटाळे ती विसरल्यामुळे होतात. मजकुरात कोणीतरी लिहिलेला अंक ही एक गोष्ट आहे आणि हिशेबासाठी लागणारी संख्या ही दुसरी. पहिली जशी लिहिली आहे तशी जपायची असते, तर दुसरी कोणत्याही लिपीची नसते. दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या की कधी मूळ पाठ बिघडतो, तर कधी हिशेब.

लिपीची ओळख गटातील सर्वांना असेलच असे नाही, म्हणून दोन शब्द. लेपचा किंवा रोंग लिपी तिबेटी लिपीवरून अठराव्या शतकाच्या आरंभी घडली, असे अभ्यासक मानतात आणि तिचा संबंध सिक्कीमचे तिसरे चोग्याल (राजे) चाकदोर नामग्याल यांच्याशी जोडतात. लेपचा समाजाची परंपरा मात्र ती थिकुंग मेन सालोंग यांची निर्मिती मानते. सिक्कीममध्ये १९७७ च्या कायद्याने नेपाळी आणि भुतिया यांच्याबरोबर लेपचा भाषेला राजभाषेचे स्थान मिळाले. दार्जिलिंग-कालिम्पाँगच्या डोंगराळ भागात, पूर्व नेपाळमधील इलाममध्ये आणि भूतानच्या नैर्ऋत्य भागातही ही भाषा बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत भारतात ती मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे ४७ हजार लोक होते. इतक्या लहान समाजाच्या लिखित वारशात एकदा केलेली तांत्रिक चूक दुरुस्त करायला पुढे कोणी येईलच याची खात्री नसते. म्हणूनच संकेतनाचा निर्णय आज नीट घ्यायला हवा.

युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २००८ मध्ये, लेपचा लिपीचा समावेश झाला. तिच्यासाठी सोळमान पद्धतीने (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांनी) लिहिल्यास १सी०० ते १सी४एफ अशा ८० जागा राखलेल्या आहेत आणि त्यांपैकी ७४ जागांवर चिन्हे आहेत. शून्य ते नऊ हे दहा अंक १सी४० ते १सी४९ या सलग जागांवर बसतात. दशमान पद्धतीत सांगायचे तर लेपचा शून्याचा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधला क्रमांक, ७२३२ आणि नवाचा ७२४१ आहे. तुलनेसाठी, देवनागरी शून्याचा कोडपॉइंट २४०६ आणि आस्कीतील, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी चिन्हांच्या जुन्या संकेतनातील, शून्याचा ४८ आहे. एकदा दिलेली जागा युनिकोड कधीच बदलत नाही, हे त्याचे जाहीर धोरण आहे. त्यामुळे आज साठवलेला लेपचा सात उद्याही सातच राहील.

एक उदाहरण शेवटपर्यंत तपासून पाहू. मेनवेअरिंग यांचे लेपचा व्याकरण १८७६ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. हा सन लेपचा अंकांत लिहिला तर साठवले जाणारे चार कोडपॉइंट ७२३३, ७२४०, ७२३९ आणि ७२३८ असे असतात. प्रत्येकातून ७२३२ वजा केले की १, ८, ७, ६ ही मूल्ये मिळतात आणि नेहमीच्या स्थानमूल्याने त्यांची संख्या होते. दहाही अंक सलग आणि चढत्या क्रमाने ठेवण्याचा उपयोग हाच आहे: लिपी कोणतीही असो, तिच्या शून्याची जागा माहीत असली की मूल्य काढायला एक वजाबाकी पुरते. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत लेपचा शून्य २२५, १७७, १२८ अशा तीन बाइटांचा होतो आणि पुढच्या अंकांत फक्त शेवटचा बाइट एकेकाने वाढत जातो. म्हणजे आस्कीत चार बाइट घेणारा सन येथे बारा बाइट घेतो. रकान्याची मर्यादा बाइटांत ठरवली असेल, तर आठ आकडी तारखेला चोवीस बाइट लागतील हे आधीच लक्षात घ्यावे. देवनागरी अंकही प्रत्येकी तीनच बाइट घेतात, त्यामुळे मराठी डेटाबेस हाताळणाऱ्यांना यात नवे काही नाही.

जागेपेक्षा महत्त्वाचे आहेत त्या जागेला जोडलेले गुणधर्म. या दहाही चिन्हांचा वर्ग ‘दशमान अंक’ असा नोंदलेला आहे, प्रत्येकाचे संख्यामूल्य दिलेले आहे आणि त्यांची लिपी लेपचा अशी आहे. आस्कीचे अंक सर्व लिपींना सामाईक मानले जातात, लेपचा अंक तसे नाहीत. म्हणून लेपचा अंक दिसताच संगणक लेपचा फॉन्ट शोधतो. आस्कीचा अंक मात्र आजूबाजूच्या मजकुराच्या किंवा फॉन्टयादीच्या आधाराने कोणत्याही फॉन्टमधून उचलला जातो. ओळ आणि शब्द कोठे तोडावेत याच्या नियमांतही लेपचा अंक संख्येच्या गटात मोडतात, त्यामुळे दशांश संख्या मधूनच तुटून दोन ओळींत जात नाही. हे सगळे कोडपॉइंट बरोबर असेल तरच आपोआप मिळते.

आता फॉन्ट चढवण्याच्या पर्यायाकडे वळू. युनिकोडपूर्वी लेपचासाठी अशीच व्यवस्था होती. जेजी लेपचा हा त्या काळातला फॉन्ट स्वतःच्या खास संकेतनावर आधारलेला होता आणि एसआयएल या भाषाविषयक संस्थेचा मिंगझात हा आजचा युनिकोड फॉन्ट त्याच्याच आकारांवरून तयार झाला. मराठी डीटीपीत ज्यांनी काम केले आहे त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायची गरज नाही. फॉन्ट हरवला की मजकूर वाचता येत नाही, हे आपण सर्वांनी सोसले आहे. अंकांच्या बाबतीत मात्र ही अडचण अधिक फसवी असते. अक्षरांचा फॉन्ट गेला की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात आणि बिघाड लगेच कळतो. अंकांचा फॉन्ट गेला की त्या जागी शुद्ध, वाचनीय इंग्रजी अंक दिसतात आणि काही बिघडले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मूळ लेखकाने सन लेपचा अंकांत लिहिला होता की इंग्रजी, ही माहिती तेथे कायमची पुसली जाते. हस्तलिखितांच्या अभ्यासात एखादा पृष्ठक्रमांक मूळ लेखनिकाचा आहे की नंतर ग्रंथालयातल्या कोणी पेन्सिलने टाकलेला, हे ठरवायला अंकांची लिपी हाच कित्येकदा पहिला धागा असतो. लायडनमधील व्हान मानेन संग्रहासारख्या मोठ्या हस्तलिखित संग्रहांवर काम करणाऱ्यांना असे तपशील मोलाचे वाटतात. आपला संग्रह लहान असला तरी त्यात ते हरवू नयेत.

म्हणून जुन्या फॉन्टमधील फाइली युनिकोडमध्ये आणताना सरसकट ‘शोधा आणि बदला’ चालवू नये. एकाच परिच्छेदात काही अंक लेपचा फॉन्टमध्ये आणि काही रोमन फॉन्टमध्ये असू शकतात. साठवलेला कोड दोहोंचा एकच असेल, तर फरक फक्त फॉन्टच्या नोंदीत उरतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट वाचला पाहिजे आणि जो तुकडा खरोखर लेपचा फॉन्टमध्ये आहे त्याचेच अंक बदलले पाहिजेत. फाइल आधी साध्या मजकुरात उतरवून मग बदलायला घेतली, तर ही नोंद पहिल्याच पायरीला नाहीशी होते. घाईच्या कामात हीच चूक सर्वाधिक होते, असा माझा अनुभव आहे.

गणिताच्या बाबतीत प्रोग्रामिंगच्या भाषा एकसारख्या वागत नाहीत. पायथनमधील ‘इंट’ हे फलन कोणत्याही लिपीचे दशमान अंक स्वीकारते. लेपचा अंकांतील १८७६ त्याला दिले की ते बिनतक्रार पूर्णांक देते. जावामधील ‘पार्सइंट’ही युनिकोड अंक ओळखते. जावास्क्रिप्ट मात्र आस्कीखेरीज काही मानत नाही आणि ‘ही संख्या नाही’ असे उत्तर देते. पोस्टग्रेस हा डेटाबेस अशा मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करायला नकार देतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरातला साचा शोधण्याच्या सूत्रातील) अंकाचे चिन्हही पायथन ३ मध्ये सर्व लिपींचे अंक पकडते, तर जावास्क्रिप्टमध्ये फक्त आस्कीचे. वेबपानावर पायथनने मान्य केलेली तारीख ब्राउझरच्या तपासणीत नापास होते, याचे कारण इतकेच असते.

पायथनच्या या उदारपणातही एक धोका आहे. ते एकाच संख्येत वेगवेगळ्या लिपींचे अंक मिसळले तरी हरकत घेत नाही. बंगाली चार दिसायला आठसारखा आणि बंगाली सात नऊसारखा असतो. कालिम्पाँग आणि दार्जिलिंग पश्चिम बंगालमध्ये असल्याने तिकडच्या कागदपत्रांत बंगाली अंक येणे अगदी शक्य आहे. आस्कीच्या अंकांत एक बंगाली चार घुसला, तर डोळ्यांना आठ दिसेल आणि बेरजेत चार धरला जाईल. म्हणून संख्या वाचण्याआधी तिचे सर्व अंक एकाच लिपीचे आहेत ना, हे तपासावे आणि नसतील तर ती नोंद माणसाकडे पाठवावी. अंक ओळखायला पायथनमधील ‘इझडेसिमल’ वापरावे. ‘इझडिजिट’ घातांकाच्या बारीक आकड्यांनाही होकार देते आणि पुढे रूपांतर अडकते.

शोधासाठी अनेक जण सामान्यीकरणावर, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्यावर, विसंबतात. तेथे निराशा पदरी येते, कारण एनएफकेसी हे सामान्यीकरण पूर्ण रुंदीच्या चिनी-जपानी पद्धतीच्या अंकांचे आस्कीत रूपांतर करते, पण लेपचा किंवा देवनागरी अंकांना हातही लावत नाही. हे योग्यच आहे, कारण हे अंक आस्कीच्या अंकांचे पर्यायी आकार नसून स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यामुळे वाचकाने १८७६ असे देवनागरीत किंवा इंग्रजीत टंकले तरी लेपचातील सन सापडावा असे वाटत असेल, तर शोधसूचीत अंकांचे वेगळे रूप साठवावे लागते. ल्युसीन या शोधप्रणालीत सर्व लिपींचे दशमान अंक आस्कीत बदलणारा गाळणीसारखा एक भाग तयार मिळतो. तो सूची बनवताना आणि प्रश्न वाचताना, दोन्ही वेळी लावावा. मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो, बदल होतो तो केवळ सूचीत.

क्रमवारीत लेपचाची एक खास अडचण आहे, जी देवनागरीत काम करणाऱ्याला सहज सुचणार नाही. लेपचा भाषेत तीन मूर्धन्य व्यंजने आहेत. परंपरेने ती क, ह आणि ग यांना र जोडून लिहिली जात आणि तोच जोड खऱ्या ‘क्र’पासून वेगळा दाखवण्यासाठी नुक्ता देण्याचीही पद्धत आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरे वापरण्याची आणखी एक पद्धत आली आणि त्या अक्षरांना युनिकोडमध्ये १सी४डी ते १सी४एफ या जागा मिळाल्या, म्हणजे अंकांच्याही पुढे. मधल्या तीन जागा रिकाम्या आहेत. परिणामी निव्वळ कोडपॉइंटनुसार क्रम लावला, तर अंकांनी सुरू होणाऱ्या नोंदी बाकीच्या व्यंजनांनंतर आणि या तीन मूर्धन्य अक्षरांच्या आधी येऊन पडतात. असा कोश कोणालाच वापरता येणार नाही. ‘लेपचा अक्षर’ ओळखण्यासाठी लिहिलेली मर्यादा अंकांपाशी संपवली तर ही तीन अक्षरे बाहेर राहतात आणि ४एफपर्यंत ताणली तर अंक व रिक्त जागाही आत येतात. जागांच्या मर्यादेवर विसंबू नये. लिपी आणि वर्ग या गुणधर्मांवर विसंबावे.

युनिकोडची प्रमाणित क्रमपद्धती अंकांना अक्षरांच्या आधी ठेवते आणि समान मूल्याच्या सर्व लिपींतील अंकांना पहिल्या, म्हणजे बारीक भेद न पाहणाऱ्या, पातळीवर समान वजन देते. म्हणजे लेपचा दोन आणि देवनागरी दोन एकाच जागी येतात, जे वाचकाच्या दृष्टीने सोयीचे आहे. पण फक्त पहिली पातळी पाहणारी तुलना एखाद्या अद्वितीय रकान्यावर (ज्यात तेच मूल्य दोनदा चालत नाही) लावली असेल, तर लेपचा १२ आणि इंग्रजी १२ या दोन वेगळ्या नोंदी डेटाबेसाला एकच वाटतील आणि दुसरी नोंद तो नाकारेल. हस्तलिखिताच्या पानावर दोन प्रकारचे क्रमांक असतील, तर हे हमखास घडते. ओळखक्रमांकाच्या रकान्यासाठी काटेकोर द्विमान तुलना, म्हणजे साठवलेले कोड जसेच्या तसे ताडणारी, ठेवावी आणि वाचकाला दाखवायच्या यादीसाठी प्रमाणित क्रमपद्धती. मजकूर म्हणून क्रम लावला की दहा हा दोनच्या आधी येण्याची जुनी तक्रार लेपचातही आहेच. तिच्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे क्रम लावण्यासाठी खरी संख्या वेगळ्या रकान्यात ठेवणे.

संख्येकडून लेपचा अंकांकडे जाण्याची वाट मात्र बरीच मोकळी आहे. सीएलडीआर या लोकेल-माहितीच्या (भाषा-प्रदेशानुसार संख्या, तारखा इत्यादी दाखवण्याच्या रीतींच्या) भांडारात लेपचा अंकपद्धतीला स्वतंत्र संकेत आहे आणि जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या मानकातही तो आवश्यक अंकपद्धतींच्या यादीत आहे. त्यामुळे संख्या दाखवताना कोणत्याही भाषेच्या संकेताला ही अंकपद्धती जोडता येते. मराठीचा संकेत घेऊन तिला लेपचा अंक जोडले, तर १२,३४,५६७ असे आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम कायम राहतात आणि आकडे तेवढे लेपचा होतात. मराठीची मूळ निवड देवनागरी अंकांची आहे, हिंदीची मात्र इंग्रजी अंकांची. म्हणून अंकपद्धती नेहमी स्पष्टपणे सांगावी, भाषेवर सोडू नये. एक सावधगिरी बाळगावी: ब्राउझरला मागितलेली पद्धत ठाऊक नसेल तर तो चूक दाखवत नाही, गुपचूप नेहमीची वापरतो. प्रत्यक्षात कोणती पद्धत लागू झाली हे ‘रिझॉल्व्हडऑप्शन्स’ विचारून पाहावे. अर्जात संख्येचा रकाना ठेवला तर त्याचे मूल्य आस्कीतच असावे लागते. म्हणून लेपचा अंक टंकू द्यायचे असतील तर साधा मजकुराचा रकाना द्यावा आणि रूपांतर आपण करावे. अनुक्रमित याद्यांसाठी सीएसएस या वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत देवनागरी, बंगाली आणि तिबेटी क्रमांकशैली तयार आहेत, लेपचा नाही. ती दहा चिन्हे देऊन ‘काउंटर-स्टाइल’ नियमाने काही ओळींत स्वतः घडवता येते.

येथे एक विषय मुद्दाम काढतो, कारण शालेय पुस्तकांत तो समोर येणारच. लेपचा भाषेतील पारंपरिक तोंडी गणना विसाच्या पटीने चालते आणि विसासाठी ‘खा’ हा शब्द आहे. आपल्याकडे खेड्यातली जुनी माणसे ‘तीन विसा आणि पाच’ म्हणत, तसाच हा हिशेब. पण लेखनातील अंक दशमान आणि स्थानमूल्याचे आहेत. पासष्ट लिहिताना सहा आणि पाच हेच दोन अंक येतात. संकेतनाचा संबंध केवळ या लिखित अंकांशी आहे. आकड्यातून शब्द तयार करायचे असतील, किंवा संगणकाकडून संख्या वाचून घ्यायची असेल, तर त्यासाठी वेगळे नियम लिहावे लागतील आणि ते लेपचा शिक्षकांना विचारूनच लिहावेत. मराठी किंवा नेपाळी संख्यावाचनाचा सांगाडा त्यावर बसवू नये.

नव्याने छापायच्या पुस्तकांत लेपचा अंक वापरावेत की इंग्रजी, हा निर्णय संग्रह करणाऱ्या गटाने घ्यायचा नाही. तो लेपचा लेखकांचा आणि शिक्षकांचा आहे. लेखकाने जे लिहिले ते साठवावे. वाचकाला दुसऱ्या लिपीत अंक पाहायचे असतील, तर पडद्यावर तशी सोय द्यावी, पण मूळ प्रत बदलू नये. संपादनाच्या साधनातील ‘आपोआप दुरुस्ती’ या कामासाठी बंद ठेवणे बरे.

रचनेबद्दल विचारले आहे, म्हणून सांगतो. प्रत्येक सन किंवा क्रमांकासाठी मी तीन रकाने ठेवीन: मूळ पाठ लेपचा कोडपॉइंटमध्ये, जसा आहे तसा, त्यातून काढलेला पूर्णांक, आणि तो पूर्णांक प्रोग्रामने काढला की माणसाने वाचून भरला याची नोंद. झिजलेल्या पानावर एखादा अंक नीट लागत नसेल, तर पहिल्या रकान्यात तेथे अनिश्चिततेची खूण करावी आणि दुसरा रकाना मोकळा सोडावा. अंदाजाने भरलेला सन पुढे तारखेनुसार केलेल्या शोधात ठाम वस्तुस्थिती म्हणून वावरू लागतो.

फॉन्टसाठी मिंगझात आणि नोटो सॅन्स लेपचा हे दोन्ही मुक्त परवान्याचे पर्याय आहेत. संग्रहाच्या संकेतस्थळावर फॉन्ट पानासोबतच पाठवावा, वाचकाच्या यंत्रावर तो असेल असे धरून चालू नये. तपासणीचा मजकूर निवडताना फक्त अंकांची ओळ पाहून समाधान मानू नका. लेपचात काही स्वरचिन्हे व्यंजनानंतर साठवली जातात आणि दिसतात मात्र त्याच्या डावीकडे, त्यामुळे अंकाला लागून असे अक्षर आले की ते चिन्ह अंक आणि व्यंजन यांच्या मध्ये नीट बसते ना, हे पाहावे लागते. अंकापुढे लगेच अशा स्वराचे अक्षर, अंकांनंतर लेपचा विरामचिन्ह, दशांश बिंदू असलेली संख्या आणि लेपचा व इंग्रजी अंक शेजारी शेजारी, अशा चार ओळी दोन्ही फॉन्टमध्ये छापून लेपचा वाचणाऱ्या व्यक्तीला दाखवाव्यात आणि मगच उरलेल्या फाइलींना हात घालावा.